मुंग्या आलेले टीव्ही आणि आमचं वर्कशॉप

३१ मार्च २०१३ ही तारीख आमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात अजून सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर पुण्यात केबलवर जुना ॲनालॉग सिग्नल चालणार नव्हता, सेट टॉप बॉक्स लावावाच लागणार होता. मुंबईत हे आदल्या ऑक्टोबरअखेरच झालं होतं, आमचा नंबर दुसऱ्या टप्प्यात लागला. एप्रिल उजाडला आणि सकाळी शटर वर करायच्या आधीच पायरीवर चार-पाच माणसं उभी दिसायला लागली. कोणाच्या पिशवीत सेट टॉप बॉक्स, तर कोणी रिक्षात घालून अख्खा टीव्हीच आणलेला.

त्यातले एक आजोबा मला म्हणाले, "अगं, या डब्याला तीन रंगांच्या वायरी दिल्यात. आमच्या टीव्हीला मागे तेवढी भोकंच नाहीत. आणि टीव्हीला काही झालेलं नाही बरं का, परवापर्यंत बातम्या बघितल्यात." त्यांचा टीव्ही खरंच ठणठणीत होता. पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या, कारण त्याला समजेल असा सिग्नल आता घरात येतच नव्हता. तेव्हापासून आम्ही जे काम करतोय ते अशा टीव्हींचं.

वर्कशॉप बाबांनी १९७८ साली सुरू केलं, शुक्रवार पेठेत, दहा बाय बाराच्या गाळ्यात. पुण्याला टीव्ही आला १९७३ मध्ये, मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरून रिले व्हायला लागले तेव्हा. त्यामुळे आमच्याकडे अँटेना बसवायचा म्हणजे गच्चीवर चढून त्याचं तोंड सिंहगडाकडे करायचं. बाबा वर पाइप फिरवत, खाली कोणीतरी "आलं, आलं... गेलं!" म्हणून ओरडत असे. तेव्हाचे बरेच संच अर्धे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अर्धे ट्रान्झिस्टरचे. पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५ हे व्हॉल्व्हचे नंबर मी पाढ्यांबरोबर शिकले. १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि पुढची वीस वर्षं बाबांना जेवायला फुरसत नव्हती. ती वर्षं सगळ्याच दुरुस्तीवाल्यांची होती, त्यांच्याबद्दल वेगळं काय सांगू.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून दुकानात बसायला लागले तोवर भिंतीवरचे पातळ टीव्ही आले होते. २०११ मध्ये बाबांनी मोबाइल दुरुस्तीचं सामान भरायचं जवळजवळ ठरवलंच होतं. मला ते पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. दोन वर्षांनी त्या आजोबांनी ते सुचवलं.

जुन्या टीव्हीला बाहेरचं जग दिसतं ते फक्त अँटेनाच्या सॉकेटमधून. सेट टॉप बॉक्स मात्र चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वायरींनी देतो. या दोघांच्या मध्ये बसतो तो आरएफ मोड्युलेटर. ही काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी चित्र आणि आवाज एकत्र करून तीन किंवा चार नंबरच्या चॅनलवर चढवते. टीव्हीच्या दृष्टीने घरातच एक छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू होतं. टीव्ही उघडायचीही गरज नाही.

पहिल्याच महिन्यात मी हौसेने शंभर मोड्युलेटर एकदम मागवले. चित्र झकास आलं, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. एकामागून एक दहा डब्या लावून बघितल्या, सगळ्यांची तीच गत. आपल्याकडच्या पाल-बी या प्रक्षेपण पद्धतीत आवाज चित्रापेक्षा साडेपाच मेगाहर्ट्झ वर असतो, अमेरिकी पद्धतीत साडेचार. आलेला माल अमेरिकी मापाचा होता. विकणाऱ्याने हात वर केले. आमचे जुने मेकॅनिक काका म्हणाले, "परत कशाला पाठवायचं? आतली कॉइल बघू." त्यांनी डबी उघडली, आवाजाच्या कॉइलचा फेराइटचा गाभा प्लॅस्टिकच्या पेचकसाने फिरवला. थोडा फरक पडला, पण साडेपाच गाठेना. मग मी कागदावर हिशेब मांडला. वारंवारता तेवढी वर न्यायची तर कॉइलजवळचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, साधारण दोन तृतीयांश करायला हवा. तिथे ४७ पिकोफॅरडचा होता, तो काढून ३३ चा बसवला आणि उरलेला फरक गाभ्याने जुळवला. खरखर एकदम थांबली आणि सातच्या बातम्यांचा स्वच्छ आवाज आला. काकांनी काही न बोलता दुसरी डबी उघडायला घेतली. शंभराच्या शंभर डब्या आम्ही तिघांनी पंधरा दिवसांत बदलल्या. आज आमच्या मोड्युलेटरवर आमचं स्टिकर असतं, पण आम्हाला हे काम शिकवलं त्या फसलेल्या मालानेच.

एका गोष्टीत आम्ही कधी तडजोड केली नाही. "मागे भोकं पाडून एव्ही काढून द्या, दोनशे रुपये घ्या" असं अजूनही पुष्कळ जण म्हणतात. एव्ही म्हणजे बॉक्सच्या चित्र-आवाजाच्या वायरी थेट टीव्हीत जोडायची सोय. आम्ही नाही म्हणतो, आणि का ते सांगतो. अशा कित्येक जुन्या संचांची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सच्या वीजप्रवाहाशी जोडलेली असते. अँटेनाच्या सॉकेटमध्ये कंपनीनेच मध्ये कपॅसिटर घालून बाहेरच्या माणसाला वाचवलेलं असतं. एव्हीची वायर सरळ आत जोडली की तो आडोसा जातो. २०१४ मध्ये असा एव्ही काढलेला टीव्ही आमच्याकडे आला. घरातल्या सूनबाईंना बॉक्स पुसताना झटका बसला होता. मी टीव्ही चालू करून बॉक्सच्या स्क्रूला टेस्टर लावला आणि टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. त्या घरात रांगतं मूल होतं. तो दिवा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एव्ही हवाच असेल, तर आम्ही टीव्हीला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावतो. तो जड असतो, महाग पडतो, पण त्याशिवाय हात लावत नाही.

बाकी कामं तशी छोटी, पण मनापासून करावी लागतात. कटकट फिरणाऱ्या ट्यूनरचे काळे पडलेले पॉइंट आधी खोडरबरने, मग स्पिरिटने साफ करायचे. पडद्यावर नुसती आडवी रेघ आली की चित्र वर-खाली पसरवणारा व्हर्टिकलचा भाग तपासायचा. सुकलेले कपॅसिटर बदलायचे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र चारास तीन करायचं, नाहीतर बातम्यांच्या पट्टीची दोन्ही टोकं कापली जातात. आजी-आजोबांसाठी आम्ही बॉक्सच्या रिमोटवर लाल टेप लावून देतो आणि सांगतो, टीव्हीचा आवाज एकदा ठेवलात तेवढाच राहू द्या, फक्त हा लाल रिमोट वापरा.

२०२२ च्या मार्चअखेर दूरदर्शननेही मोजकी ठिकाणं सोडून देशभरातले ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. गच्चीवरच्या शेवटच्या अँटेनाही निकामी झाल्या. आम्हाला वाटलं, आता संपलं. पण त्याच सुमारास चित्रपट आणि मालिकांच्या शूटिंगवाल्यांचे फोन वाढले. त्यांना ऐंशीच्या दशकातलं घर दाखवायचं असतं आणि टीव्ही चालू हवा असतो. सेटवर मी पहिली विनंती करते ती कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवायची. चोवीसवर शूट केलं की पडद्यावर काळा पट्टा सरकताना दिसतो, कारण आपला टीव्ही सेकंदाला २५ चित्रं काढतो. जुन्या व्हिडिओ गेमवाली तरुण मुलंही येतात. ती फार बारकाईने बघतात, त्यांच्यासाठी काम करायला मला आवडतं.

खरी अडचण पिक्चर ट्यूबची. नवी ट्यूब मिळत नाही. दमलेल्या ट्यूबचा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टवरून थोडा वर नेऊन तिला आणखी काही दिवस तेज आणता येतं, पण तो शेवटचा उपाय. म्हणून भंगारात निघालेले संच आम्ही सुट्या भागांसाठी विकत घेतो. पूर्ण गेलेली ट्यूब मात्र मी फोडायला कधीच देत नाही. तिच्या काचेत शिसं असतं. ती अधिकृत ई-कचरा उचलणाऱ्यांकडेच जाते, भाडं आमच्या खिशातून गेलं तरी.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. रोज संध्याकाळी तासभर येऊन बसतात. सध्या टेबलावर नारायण पेठेतल्या एका वाड्यातला लाकडी शटरचा कृष्णधवल संच आहे, बाबांनीच कधीकाळी दुरुस्त केलेला. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख त्यांच्याच अक्षरातली आहे. परवा चित्र आलं. आवाजात अजून घुमघुम आहे. पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर तपकीर गल्लीत सांगून ठेवलाय, शुक्रवारी मिळेल. मालक शनिवारी न्यायला येणार आहेत.