मॅडिसन अपडेट: चेंज बसला एकदाचा!

बसला चेंज! मॅडिसन म्हणजे ट्रॅक सायकलिंगमधली जोडीची रेस: एक जण रेसमध्ये, दुसरा वर कठड्याजवळ हळू फिरत विश्रांती घेतो, आणि पाळी बदलताना रेसमधला त्याचा हात धरून त्याला पुढे फेकतो, हाच चेंज. परवा लंडनच्या ली व्हॅली ट्रॅकवर आमच्या जोडीने सेशनभर चेंज मारले आणि एकदाही झटका नाही, हात सुटला नाही, लाइन हलली नाही. मागच्या अपडेटमध्ये फेकताना दुखणाऱ्या खांद्याबद्दल लिहिलं होतं, तो आता दुखायचाच थांबलाय, आणि ते जिममुळे नाही, टायमिंगमुळे. म्हणून आज टायमिंगवरच लिहितो, बाकीचं मधेमधे येईल तसं.

प्रॉब्लेम पुन्हा एकदा मांडतो. फेकणारा ताशी ५० किमीने येतोय आणि वरून उतरलेला पार्टनर ३२ ने चाललाय, म्हणजे १८ चा फरक एका हातातून पलीकडे जायला हवा. सायकलसकट ८० किलो धरा, १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर, आणि हात धरलेला असतो जेमतेम एक सेकंद, तर हाताला साधारण ४० किलोचा ओढा बसतो, तोही एका बाजूने, ब्रेक नसलेल्या फिक्स्डवर (चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहणारी सायकल), आजूबाजूला अख्खं बंच, म्हणजे बाकीच्या रायडर्सचा घोळका. तोच पार्टनर आधीच ४० ला पोचलेला असेल तर ओढा २२-२३ किलोवर येतो. अर्ध्याच्या जवळ! खांद्याची ताकद वाढवून हा फरक कधीच भरून निघाला नसता.

आता पार्टनर स्लो का असायचा? तो सांगलीचा, शाळेत खो-खो खेळलेला, आणि खो मिळाल्याशिवाय जागचं उठायचं नाही हे त्याच्या हाडात बसलंय. मॅडिसनमध्ये नेमकं उलटं आहे, खो मिळायच्या आधीच पळत असायला लागतं, हात मिळतो तो फक्त वरचा शेवटचा स्पीड द्यायला. हे त्याला समजत नव्हतं असं अजिबात नाही, समजत होतं, पण मी नक्की कधी पोचणार ते कळायला तो मागे बघायचा, आणि फिक्स्डवर मान वळली की पाय आपोआप दाबून धरले जातात, स्पीड उतरतो, मग मी अंगावर येतो आणि झटका. मी लांबूनच "आलो आलो" ओरडायचो, तेही करून बघितलं, पण तिथल्या आवाजात ते ऐकू येईपर्यंत मी शेजारी पोचलेला असतो.

तोडगा निघाला तो कागदावर. काम करणारा ५० ने आणि विश्रांतीवाला वर ३० ने गेला, तर २५० मीटरच्या ट्रॅकवर ४५ सेकंदांत एकाचे अडीच लॅप होतात आणि दुसऱ्याचा दीड. म्हणजे आत्ताचा चेंज होम स्ट्रेटवर (फिनिश लाइनच्या सरळीवर) झाला तर पुढचा बरोब्बर पलीकडच्या बॅक स्ट्रेटवर, मग परत होम. दरवेळी सरळीवर! आम्ही आधी २७-२८ ने रेंगाळायचो, दमलेलो असायचो ना, आणि त्यामुळे भेटायची जागा सरकत सरकत बेंडमध्ये, म्हणजे वळणावर जायची, आणि तिथल्या ४२ अंशाच्या बँकिंगवर (ट्रॅकच्या तिरक्या उतारावर) आमच्यासारख्यांनी चेंज करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. ४५ सेकंदांच्या बरोबर मध्याला दोघं एकमेकांच्या अगदी समोरासमोर असतात, एक जण एका बँकिंगच्या मधोमध, दुसरा पलीकडच्या बँकिंगच्या मधोमध. म्हणजे मागे बघायची गरजच नाही! समोर बघायचं. पार्टनर समोरच्या बेंडच्या मध्यापुढे गेलेला दिसला तर तो लवकर येणारे, आपण थोडं खाली येऊन स्पीड वाढवायचा, मध्याच्या अलीकडे असेल तर आणखी वर कठड्याकडे जायचं. उरलेल्या बावीस सेकंदांत हे सहज जमतं, आणि शेवटी खांद्यावरून एक ओझरती नजर पुरते. बंचमधला आपला माणूस ओळखायला आम्ही हेल्मेटवर पिवळी टेप लावलीये, ती पलीकडून मस्त दिसते. ऑफिशियल रेसमध्ये जोडीला एकच नंबर असतो, एकाचा काळा, एकाचा लाल, पण इतक्या लांबून नंबर कोण वाचणार.

दुसरा भाग उतरण्याचा. ३० ने जाणारा रायडर ३ मीटर उंची खाली आला तर पायात जोर न लावताही ४० ला पोचतो, हवेचं घर्षण सोडून. फुकटचे १० किमी! पण सरळीला बँकिंग फक्त १२ अंश, तिथे उतरायला उंचीच नाही, म्हणजे ही उडी बेंडमधून बाहेर पडतापडताच मारायला हवी, वाट बघत सरळीवर आलात की गेली ती. पार्टनरने परवा बेंडच्या शेवटी जे खाली झोकून दिलं ना, मी मागून बघत होतो, तो स्वतःहून माझ्या स्पीडजवळ आला, मी नुसता हात धरला आणि दिला पुढे. फेकलं असं वाटलंच नाही. यासाठीच तर हे सगळं चाललंय!

चेंजला कोणते ग्लोव्ह्ज घालायचे असं विचारलं होतं कोणीतरी. जेलची पॅडिंगवाली घेऊ नका, घामाने पकड सरकते. एका ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या जोडीची शिवण दुसऱ्याच सेशनला उसवली, परत घ्यायलाही नाही म्हणाले. पातळ, पूर्ण बोटांचे, तळव्याला चामडं असलेले साधे ग्लोव्ह्ज बेस्ट. सायकलची चेन इझुमी कंपनीचीच ठेवलीये, तिच्यावर माझा जीव आहे.

गिअर ४९×१४ (पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते) वरून ५०×१४ करायचा विचार होता, चेनरिंग, म्हणजे पुढचं चक्र, मागवणारच होतो. पण आता बेंडमधून उतरताना पाय भरभर फिरायला हवेत, जड गिअरवर ते तितकं चटकन होत नाही, त्यामुळे ४९ च राहू दे.

थांबा, लिहितालिहिता एक लक्षात आलं. पॉइंटसाठीची स्प्रिंट दर १० लॅपला, पहिल्याला ५ पॉइंट, आणि आमची पाळी अडीच लॅपची. म्हणजे दोन स्प्रिंटच्या मधे बरोब्बर चार पाळ्या, सम आकडा, म्हणजे प्रत्येक स्प्रिंटला तोच तो रायडर येणार! पार्टनरचा किक, म्हणजे शेवटचा जोर, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, तर मी स्टार्टला जायचं, की दहावा लॅप आपोआप त्याचा. फक्त अडीच लॅप आधी आत येऊन तो ५ पॉइंटच्या लाइनपर्यंत टिकणार का, हा प्रश्न आहे. मग चार पाळ्यांपैकी माझी एखादी तीन लॅपची करायची, म्हणजे तो दोन लॅप राहिले असताना ताजा आत येईल. स्प्रिंटजवळ बंच ५५ ला गेलं की अडीचचे सव्वादोन होतात तेही धरायला हवं. आज रात्री पुन्हा कागद घेऊन बसतो.

ज्यांनी टोकियोची महिलांची मॅडिसन बघितली नसेल त्यांनी बघाच. ब्रिटनच्या केटी आर्चिबाल्ड आणि लॉरा केनी, ७८ पॉइंट, दुसऱ्या आलेल्या डेन्मार्कचे ३५. ऑलिम्पिकमधली महिलांची ती पहिलीच मॅडिसन आणि असला दबदबा. पुढे चाललेल्या बंचकडे बघू नका, वर कठड्याजवळ फिरणाऱ्या रायडरकडे बघा, निम्मी रेस तिथे जिंकली जाते. आणि याच ली व्हॅलीच्या फळ्यांवर २०१६ ला ब्रिटनचे विगिन्स आणि कॅव्हेंडिश मॅडिसनचे वर्ल्ड चॅम्पियन झाले, त्याच सरळीवर आपण हात देतोय हा विचार आला की अजूनही काटा येतो अंगावर.

पुढच्या सेशनला आधी आम्ही दोघंच रिकाम्या ट्रॅकवर ३० चा रिदम पक्का करणार, मग बंचमध्ये तीच तीन लॅपवाली पाळी लावून बघणार. बेंडमधून नेमकं कुठे झोकून द्यायचं यासाठी कोणी काही खूण ठरवली असेल तर सांगा, पार्टनर सध्या बेंड संपताना दिसणाऱ्या जाहिरातीच्या बोर्डवर चालवतोय, तो बोर्ड बदलला की आमची पंचाईत.