फणस, काकवी आणि आमची भाजणी

पुण्यातली आमची भाजणी, म्हणजे कॉफी भाजायचा कारखाना, उभी राहिली ती माझ्या भागीदाराच्या नाकावर. तो सकलेशपूरचा, घरचा कॉफीचा मळा. हिरवं, म्हणजे न भाजलेलं बी मुठीत धरून हुंगलं की ओल किती ते सांगायचा. नंतर आम्ही मीटर घेतला, तर आकडा त्याने सांगितल्याप्रमाणेच ११-१२ टक्क्यांच्या आसपास.

भाजायचा पहिला ड्रम पाच किलोचा, जुना विकत घेतलेला. ट्रायर, म्हणजे ड्रममधले थोडे दाणे बाहेर काढायची दांडी, ओढून सारखा वास घ्यायचा. १९५-२०० अंशांच्या सुमारास दाणे फुटल्याचा पहिला तडतडाट ऐकू आला की पुढच्या प्रत्येक सेकंदाला किंमत. लवकर उतरवलं तर गवताचा वास राहतो. जास्त ठेवलं तर चिकमगळूरची प्लांटेशन ए ही धुतलेली अरेबिका काय आणि रोबस्टा चेरी ही सालासकट वाळवलेली दुसरी जात काय, दोन्ही नुसत्या जळक्या लागतात.

गिऱ्हाइकांचा हिशेब मात्र ठरलेला: कडू तीच कडक आणि कडक तीच चांगली. एका व्यापाऱ्याने हे बरोबर हेरलं आणि हॉटेलांना आमच्या निम्म्या भावात पूड द्यायला लागला. पुढे ठळक 'फिल्टर कॉफी', चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचा, टक्का मागे, भिंग घेऊन शोधावा असा. चिकोरी घालणं गुन्हा नाही. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं हवं, एवढाच नियम. पण जवळजवळ निम्मी चिकोरी विकायची आणि वर आम्हाला लुटारू ठरवायचं, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

मी हॉटेलाहॉटेलांत गार पाण्याचे दोन ग्लास मांडून दाखवायचो. कॉफीची पूड वर तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत तळाला जाते. मालक बघायचे, मान डोलवायचे आणि ऑर्डर त्यालाच द्यायचे. एकेक उडपी हॉटेल सुटत गेलं. भाडं थकलं, ड्रम विकायची बोलणी झाली. भागीदार गावी परतला. मळ्यावर वडील एकटे होते, त्याला मी कधीच दोष दिला नाही.

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक चुकलं नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई दर महिन्याला पीबेरी, म्हणजे फळात एकटाच वाढलेला गोल दाणा, न्यायच्या, घरी जायफळ घालून दुधातली कॉफी करायला. एकदा त्यांना बसवून घेतलं आणि तीन वाट्या मांडल्या. प्रत्येकीत १५० मिली गरम पाणी, सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, नाक अगदी वाटीजवळ नेऊन. सालासकट वाळवलेली अरेबिका चाखून त्या म्हणाल्या, "अहो, हा तर पिकलेला फणस!" दुसरीत त्यांना काकवी लागली. तिसरी मॉन्सून्ड मलबार, पावसाळाभर मलबारच्या दमट वाऱ्यावर फुगवलेली. तिला त्यांनी ओलं गोणपाट म्हटलं. मी तेही लिहून घेतलं.

कॉफीच्या चवींची नावं देणाऱ्या परदेशी चवचक्रावरच्या ब्लूबेरी आमच्यापैकी कुणी खाल्लेल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून पाकिटांवर फणस आणि काकवी आली. लोक थांबून विचारायला लागले, चाखायला लागले. पुढची वर्षं सुरळीत गेली.

विचारलं नाहीत तरी सांगतो. एका कपावरून काही कळत नाही, दोन शेजारी ठेवा. वाफाळती पिऊ नका. कोमट झाली की आंबटपणा आणि गोडी वेगवेगळी कळते. सुर्रकन आवाज करत ओढा, लाजू नका. पहिला घोट बिनसाखरेचा घ्या, मग जायफळ खुशाल घाला. आणि दळलेली पूड महिनोन्‌महिने डब्यात ठेवू नका.

त्या व्यापाऱ्याने आता नवं पाकीट काढलंय. त्यावर फणस आहे, काकवीही आहे. भाजल्याची तारीख मात्र कुठेच नाही.