"ताई, एम.टेक करू का साइटवर जाऊ?"

मागच्या रविवारी मामेभावाचा फोन आला. बी.ई. सिव्हिल झालाय, गेटचा (एम.टेकच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोअर चांगला आहे, एम.टेकला ॲडमिशन मिळतंय आणि एका बिल्डरकडं साइट इंजिनिअरची ऑफरपण आहे. घरात दोन गट पडलेत, मामा म्हणतो आत्ताच शिकून घे, एकदा पगाराची सवय लागली की पुस्तक हातात धरवत नाही, आणि मामी म्हणते दारात आलेली नोकरी घालवू नको. "ताई, तू दोन्ही केलंयस, तू सांग." तासभर बोललो, पण फोन ठेवल्यावरही डोक्यातनं जाईना म्हणून इथं लिहितेय.

मी बी.ई. झाल्यावर सरळ साइटवर गेले होते, पुण्याच्या बाहेर सात मजली बिल्डिंगचं काम होतं. कॉलेजात आरसीसीला (सळया घातलेल्या काँक्रीटच्या विषयाला) चांगले मार्क पडलेले, पण पहिल्या आठवड्यात सळया बांधणाऱ्या फिटरनं काही विचारलं की मी ड्रॉइंग उलटसुलट करत बसायचे. जे शिकले ते तात्यांकडून. तात्या म्हणजे आमचे मुकादम, साठीच्या पुढचे, शाळा चौथीपर्यंत. रोज सकाळी मिक्सर सुरू व्हायच्या आधी ते वाळूच्या ढिगात हात घालायचे, मूठभर वाळू दाबायची आणि मूठ उघडून बघायचं, गोळा तसाच राहिला तर वाळूत पाणी आहे, मग मिक्सरला पाणी कमी टाकायला सांगायचे. हे मी तीन वर्षं रोज बघितलं आणि हळूहळू माझ्या हाताला पण कळायला लागलं.

आता रिंगांची गोष्ट सांगते कारण मला खरं तेच सांगायचंय.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्यांचं टोक १३५ अंशात आतल्या बाजूला वाकवायचं असतं, आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या भारतीय मानकात तसं स्पष्ट आहे, आणि वाकवल्यानंतरचं सरळ टोक सळईच्या जाडीच्या सहापट, पण ६५ मिमीपेक्षा कमी नको. आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ती डिटेल काढलेली होती. साइटवर मात्र रिंगा ९० अंशात वाकवून यायच्या. मी एकदा विचारलं तर तात्या म्हणाले, "मॅडम, एवढं वाकवलं की बीम-कॉलमच्या जॉइंटला रिंग बसतच नाही, आजवर सगळीकडं असंच केलंय." जॉइंटला खरंच इतकी गर्दी असते की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल आत जात नाही, ते मी रोज बघत होते, त्यामुळं मला ते पटलं आणि मी चेकलिस्टवर सही केली. एकदा नाही, प्रत्येक मजल्याला.

तीन वर्षांनी परत गेट दिली. साइटवरनं आल्यावर रात्री अभ्यास, मॅट्रिक्स वगैरे पार विसरलेलं, फार जड गेलं. ॲडमिशन मिळालं, महिन्याला १२,४०० स्टायपेंड. वर्गातली बाकीची पोरं सरळ बी.ई. करून आलेली, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान आणि फायनाइट एलिमेंटमध्ये (कॉम्प्युटरवर इमारतीचं गणित मांडायची पद्धत) माझ्या कितीतरी पुढं. पहिल्या सेमिस्टरला मी त्यांच्याकडूनच शिकले, हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसून, आणि त्यांनी कधी कंटाळा केला नाही.

मग भूकंपाच्या विषयाचं लेक्चर झालं. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असूनही तिथं आरसीसी इमारती पडल्या, तो सगळा भाग चालला होता. सरांनी फळ्यावर कॉलम काढला आणि हादरे बसत असताना काय होतं ते टप्प्याटप्प्यानं दाखवलं. आधी रिंगांच्या बाहेरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, सुटून पडतं. कव्हर गेलं की ९० अंशाच्या हूकला, म्हणजे रिंगच्या वाकवलेल्या टोकाला, धरून ठेवणारं काही राहत नाही, रिंग उघडते. रिंग उघडली की उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भरडलं जातं. १३५ चा हूक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेला असतो म्हणून कव्हर गेलं तरी तो सुटत नाही.

मी तिथंच बसल्या बसल्या मोजायला लागले. सात मजले, एका मजल्याला किती कॉलम, एका कॉलमला किती रिंगा. त्या बिल्डिंगमध्ये आता माणसं राहतात. लेक्चर संपल्यावर मला उठवेना.

वर्गातल्या इतर पोरांना १३५ का ते आता माहीत झालं, पण साइटवर ९० का होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मला ९० का होतं ते माहीत होतं आणि १३५ का ते तीन वर्षं कुणाला विचारायचं सुचलं नाही. "अनुभवच खरा गुरू" असं लोक म्हणतात ना, तेव्हा मला हे आठवतं. अनुभवानं मला चुकीचं काम सफाईनं करायला शिकवलं होतं, आणि ते चूक आहे हे साइटवर मला कुणीच सांगितलं नसतं.

पण एम.टेकच्याच लॅबमध्ये उलटंही झालं. जुलैमध्ये मिक्स डिझाइनचं, म्हणजे काँक्रीटमधल्या सगळ्या मालाचं प्रमाण काढायचं प्रॅक्टिकल होतं, आयएस १०२६२ या मानकाप्रमाणे सगळं काढलेलं, आणि काँक्रीट किती पातळ आहे ते बघायचा स्लम्पचा शंकू उचलला की काँक्रीट सपाट पसरायचं. सगळे एक्सेलमध्ये चूक शोधत बसले. मी बाहेर शेडमध्ये जाऊन वाळू मुठीत दाबली, पार ओली होती, पत्रा गळत होता. ओलाव्याचं करेक्शन सगळ्यांना पाठ होतं, पण वाळू आज ओली असेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सुट्टीत तात्यांना भेटायला गेले, दुसऱ्या साइटवर होते. जमिनीवर खडूनं तो कॉलम काढून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे कुणी सांगितलंच नाही ओ आम्हाला. जॉइंटच्या रिंगा आधी घालून ठेवायच्या आणि मग बीमचे वरचे बार ओवायचे, वेळ जास्त लागतो, पण होतंय की." आणि एक सळई घेऊन पहिल्या फटक्यात बरोबर हूक वाकवून दाखवला. मला एम.टेकमध्ये जॉइंटमध्ये रिंग कशी बसवायची हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता पदवीच्या कागदाचं. कागदाला किंमत आहे आणि ती नाही म्हणणं खोटं आहे. २००५ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून सही करायला पदवीनंतर ३ वर्षांचा अनुभव लागायचा, स्ट्रक्चर्समध्ये मास्टर्स असेल तर २ वर्षं, डॉक्टरेट असेल तर १. म्हणजे दोन वर्षांचं एम.टेक बरोबर एका वर्षाच्या अनुभवाइतकं धरलं होतं! पण अनुभव शून्य करून कुणालाच सही करू दिलेली नव्हती, हे मला फार योग्य वाटतं. आणि तात्यांची चाळीस वर्षं त्या हिशोबात कुठंच बसत नाहीत, ते मला अजून टोचतं. डिझाइन त्यांना जमणार नाही हे खरंय, पण निदान त्यांना कारण सांगायची जबाबदारी तरी सही करणाऱ्याची असायला पाहिजे.

मामेभावाला मी सांगितलं, आधी साइटवर जा. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो, दोन वर्षं काम कर आणि स्कोअर जिवंत आहे तोवरच एम.टेकला ये, माझ्यासारखी परत परीक्षा द्यायची वेळ आणू नको. मामाला पण मीच फोन केला. त्याला पूर्ण पटलं नाहीये, पण गप्प बसलाय.

सोमवारी तो जॉइन होतोय. पहिल्या दिवशी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली रिंगची डिटेल बघ म्हटलं, मग फिटर जिथं सळया वाकवतात तिथं जाऊन एक रिंग हातात घे, ड्रॉइंगसारखी नसेल तर का नाही ते त्यांना नीट विचार, आणि ते जे सांगतील ते जसंच्या तसं वहीत लिहून मला पाठव.