क्रू : ४

चौकातल्या विजयंत रणगाड्याला नवा रंग दिला आणि पुढ्यात पाटी लावली. वजन ३९ टन, तोफ १०५ मिमी, क्रू ४. बास. तेव्हापासून तो चारचा आकडा डोक्यातून जाईना. ही दोनदा विचारून गेली, नीट जेवला का नाहीत म्हणून. काय सांगणार? पाटीत खोटं काही नाही. विजयंतात माणसं चारच.

पण कोणती चार? ड्रायव्हर पुढे उजव्या अंगाला, एकटा. टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, तोफेच्या उजवीकडे नेम धरणारा गनर, त्याच्या पाठीमागे थोडा वर कमांडर. आणि तोफेच्या डावीकडे गोळे भरणारा, वायरलेस सांभाळणारा लोडर-ऑपरेटर. बाकीचे तिघे बसतात, हा लढाईत उभा. त्याच्यापुढे नेमाची दुर्बीण नाही, लक्ष्य नाही. बाहेर काय चाललंय ते त्याला बहुतेक कानांनीच कळतं.

लोडरचं काम काय, तर गोळा भरणं, असं म्हणून लोक मोकळे होतात. १०५ मिमीचा एक गोळा दारूच्या पितळी नळकांड्यासकट, म्हणजे केससकट, १८ ते २१ किलोंचा, लांबीला जवळपास हाताएवढा. समोर रणगाडा असेल तर चिलखत भेदणारा सॅबो, बंकर असेल तर स्फोटक हेश. कमांडरच्या तोंडून शब्द पुरा व्हायच्या आत हात बरोबर त्याच रॅककडे गेला पाहिजे. टोक ब्रीचमध्ये, म्हणजे तोफेच्या मागच्या तोंडात, घालायचं आणि केसच्या बुडाला वळलेल्या मुठीनं रेटायचं. मूठच. बोटं उघडी ठेवली की संपलं, कारण केसची कड एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे रिकामी केस बाहेर खेचणाऱ्या आकड्याला, लागताच ते तोंड बंद करणारा ब्रीचब्लॉक आपोआप आडवा सरकतो, आणि तो पोलादी ठोकळा बोट मध्ये आहे का ते बघत नाही. मग रिकॉइलच्या, म्हणजे तोफ उडताना मागे येते त्या धक्क्याच्या, वाटेतून अंग काढायचं, सेफ्टी स्विच दाबायचा आणि 'लोडेड' ओरडायचं. स्विच दाबल्याशिवाय फायरिंगचं सर्किट जुळत नाही. म्हणजे आपण बाजूला झालो याची खात्री दुसरं कोणी करत नाही, लोडर स्वतःच करतो.

तोफ फुटभर मागे येते, तापलेली केस मागे पडते, दारूचा वास कोंडतो. नळीतला धूर बाहेर काढणारा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर गळत असेल तर तो धूर सगळा आत, डोळ्यांत. तेवढ्यात रेंजिंगच्या, म्हणजे अंतराचा अंदाज घ्यायच्या, १२.७ मिमी मशीनगनचा पट्टा अडकतो, तोही त्यानंच सोडवायचा, आणि कानातला वायरलेस ऐकणंही थांबवायचं नाही. टरेटमधले गोळे संपत आले की ड्रायव्हरशेजारच्या साठ्यातले वर ओढायचे. त्यासाठी टरेट ठरावीक बाजूला फिरवावं लागतं, नाहीतर हात तिथवर पोचतच नाही. उसंत मिळाली की हे आधी करायचं, पाणी नंतर.

हे सगळं त्या चारात आहे. निदान 'गनर' एवढं तरी लिहायचं होतं, 'ड्रायव्हर' लिहायचं होतं. लोडर राहू दे.

नाही, राहू कशाला दे?

कमांडर लक्षात राहतो, आणि राहायलाच हवा. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे दोन परमवीर, १९६५ चे तारापोर आणि १९७१ चे खेत्रपाल, यांची नावं घेताना आजही मान ताठ होते. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, खेत्रपाल जेमतेम २१ वर्षांचे. पण त्यांच्या फामागुस्टा नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात सवार प्रयाग सिंग ड्रायव्हर होते, सवार नथू सिंग गनर, आणि सवार नंद सिंग ऑपरेटर. नंद सिंगही तिथंच कामी आले. तो रणगाडा नगरला जपून ठेवलाय. त्याच्यापुढे उभं राहिलं की... जाऊ दे, ते आज नको.

रिसालदारसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतोस. रणगाडा एका नावावर चालत नाही आणि चार नावांवरही नाही. ड्रायव्हरनं खड्ड्यात घातला तर गनरचा नेम काय कामाचा?" बोलण्यात तथ्य आहे. लोडरला चार सेकंद जास्त लागले तर कमांडरचा हुकूम वाया. रेतीत ड्रायव्हरनं जोरात वळवला आणि ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पोलादी पट्टा, ढिला असला की तो स्प्रॉकेटच्या दातेरी चाकावरून उतरलाच. मग कमांडर कोण आणि लोडर कोण? चौघंही हातात पहार आणि घण घेऊन खाली. स्प्रॉकेटमध्ये घट्ट बसलेली रेती खरवडून काढायची, पिन ठोकून ट्रॅक तोडायचा, ओढून पुन्हा जोडायचा. तिथं हुद्दा चालत नाही. हे आठवलं आणि मन थोडं निवळलं. त्या आकड्यात आम्ही लोडर नाही असं मला वाटत होतं, पण खरं म्हणजे तिथं कोणीच वेगळा नाही. असंच लिहायचं असतं बहुतेक.

टी-७२ रणगाड्यात हा लोडरचा प्रश्नच मिटवला. तळाशी २२ गोळ्यांचं फिरतं चक्र, गोळा वेगळा, दारूचा चार्ज वेगळा, मशीनच भरतं. माणसं तीन. टरेट बुटकं झालं, शत्रूला दिसायला लहान झालं; हा फायदा मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण ट्रॅक उतरला की तीनच जोड हात. डिझेल भरणं, नळी साफ करणं, गोळे चढवणं, सगळं तिघांत. आणि दिवसभर चालवून रात्री मुक्काम पडला की पहाऱ्याची रात्र चारांऐवजी तिघांत वाटायची. ज्यानं सकाळी परत ड्रायव्हिंग करायचं त्याला झोप मिळालीच पाहिजे, म्हणजे उरले दोन. अर्जुन रणगाडा बनवताना आपल्याकडे चौथा माणूस ठेवला, तो लोडरच. तिथं रात्रीच्या पाळ्या नीट लागत असतील.