मध्येच ट्रम्पेट आला

आज धोबी तलावाला काम होतं. गोवेकरांचे जुने क्लब, म्हणजे मुंबईत आल्यावर राहायच्या त्यांच्या जागा, दिसले आणि पाय थबकले. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन, म्हणजे संगीताची लिपी, शिकून मुंबईला आलेली ती वादक माणसं. रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचं, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं. झोपायची कधी?

हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांतलेच. आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांचे, म्हणजे अण्णांचे, साहाय्यक. १९६७ साली गेले, जेमतेम पन्नाशीत. गाणी सगळ्यांना पाठ, यांचं नाव मात्र कितीजणांना ठाऊक? खरंच फार वाईट वाटतं.

घरी येऊन आईला अण्णांची गाणी लावून दिली. मध्येच ट्रम्पेट आला.

"हा कोण रे वाजवतोय?"

कुकर बंद केला आणि सांगायला बसलो.