तुम्ही विचारलंत म्हणून : किपलिंग शिकला कुठे?

क्रॉफर्ड मार्केट ते जे. जे. असा फेरफटका मी लोकांना घडवतो. जे. जे.च्या आवारात 'जंगल बुक' लिहिणाऱ्या किपलिंगचा अर्धपुतळा बघून झाला की कोणीतरी विचारतंच, "मग शाळा कुठली हो त्याची? मुंबईतलीच का?" उन्हात उभ्या असलेल्या माणसांना मी एवढंच सांगतो की नाही, इंग्लंडातली, आणि ती शाळा आता राहिलेली नाही. पुढचं ऐकायची सवड तिथे कोणालाच नसते. ते इथे सांगतो.

आधी मुंबईचं आटोपून घेऊ. रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी इथे जन्मला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची दगडी शिल्पं आणि आतलं कारंजं ही त्यांचीच कामगिरी. पोराला सांभाळायला पोर्तुगीज वळणाची रोमन कॅथलिक आया होती. पहाटे तिच्याबरोबर फळबाजारात जाणं, खांद्याएवढ्या उंचीवर रचलेली सोनेरी-जांभळी फळं बघणं, ही आपली पहिली आठवण असं त्याने म्हातारपणी लिहिलं. सहा वर्षांचा व्हायच्या आधीच त्याला धाकट्या बहिणीबरोबर इंग्लंडला साउथसी गावी परक्या घरी ठेवलं. तिथे पाचसहा वर्षं फार वाईट गेली, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी थांबत नाही. जानेवारी १८७८ मध्ये तो डेव्हनच्या किनाऱ्यावर युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज नावाच्या शाळेत दाखल झाला. नावात कॉलेज असलं तरी ती मुलांची निवासी शाळाच.

ही शाळा निघाली कशी, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. १८७१ पर्यंत इंग्लंडच्या पायदळात आणि घोडदळात अधिकाऱ्याची जागा चक्क विकत मिळायची. पैसे मोजा, लेफ्टनंट व्हा. आणखी मोजा, कॅप्टन व्हा. कार्डवेल या युद्धमंत्र्याने हा बाजार बंद केला आणि मुलांना परीक्षा आली. परीक्षा आली म्हटल्यावर क्लास आले. यूपीएससीसाठी मुलं पुण्याच्या पेठांमध्ये खोल्या घेऊन क्लास लावतात ना, तसे तिकडे सँडहर्स्ट आणि वुलिच इथल्या लष्करी अकादमींच्या प्रवेशासाठी घोकून घेणारे खाजगी मास्तर होते, आणि त्यांची फी भारी होती. मोठ्या नावाच्या निवासी शाळाही लष्करी पगारात परवडणाऱ्या नव्हत्या. मग काही अधिकाऱ्यांनीच एकत्र येऊन १८७४ मध्ये मर्यादित कंपनी काढली, भागभांडवल उभं केलं आणि स्वतःच्या मुलांसाठी शाळा उघडली. मुलांना स्वस्तात शिकवायचं आणि त्या परीक्षेतून पार करायचं, हा उद्देश.

साम्राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजवाडे आणि हत्ती येतात. पण ते चालवणाऱ्या मधल्या फळीतला कर्नल महिनाअखेरीला हिशेब मांडत बसणाराच माणूस होता. त्यातून हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्यांचा पगार रुपयात आणि मुलाची फी पौंडात. १८७० च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९४ पर्यंत सव्वा शिलिंगाच्याही खाली घसरला. अंबाल्याला किंवा पुण्याच्या लष्करात बसलेल्या बापाला हा आकडा किती टोचत असेल, याची कल्पना परदेशी मुलांची फी भरणाऱ्या आजच्या पालकांना सहज येईल.

जागा निवडली तीही स्वस्तातली. वेस्टवर्ड हो! हे गाव चार्ल्स किंग्जलीच्या १८५५ च्या कादंबरीचं नाव घेऊन वसवलेलं आहे. (उद्गारचिन्ह गावाच्या नावातच आहे, माझं नाही.) कादंबरी खपली, तेव्हा एका कंपनीने तिच्या नावावर किनाऱ्यालगत हॉटेल आणि बंगले बांधले, प्रवासी येतील म्हणून. म्हणावे तेवढे आले नाहीत. तिथली एकमेकांना चिकटलेली बारा घरांची रांग शाळेने घेतली. पुढे समुद्र आणि गोट्यांचा लांबलचक बांध, मागे काटेरी झुडपांची टेकडी. दोनशेच्या आसपास मुलं. यातली पाऊण हिस्सा इंग्लंडबाहेर जन्मलेली आणि बापापाठोपाठ सैन्यात जाऊ पाहणारी, असं किपलिंग सांगतो. तो हिला जातीची शाळा म्हणतो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. जेवण असं, की पुढच्या काळात तुरुंगात वाढलं असतं तर कैद्यांनी बंड केलं असतं, हेही त्याचंच म्हणणं. पहिलं दीड वर्ष दांडगट मुलांनी त्याला छळलं.

तरीही त्याला ही शाळा लाभली, ती कॉर्मेल प्राइस या मुख्याध्यापकामुळे. लष्करी शाळेला असा मुख्याध्यापक कोणी नेमला, याचं मला अजून नवल वाटतं. प्राइस हा चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स आणि विल्यम मॉरिस यांचा तरुणपणापासूनचा मित्र. मॉरिस पुढे उघड समाजवादी झाला. प्राइस स्वतः रशियात शिकवणी करून आलेला, मग हेलीबरीच्या शाळेत आधुनिक विषयांचा विभाग सांभाळलेला. येताना तिथली काही मुलंही तो घेऊन आला, आणि त्यांच्यावर नवी शाळा उभी राहिली. बर्न-जोन्सची बायको ही किपलिंगच्या आईची बहीण. म्हणजे पोराला शाळेत घातलं तेच मुळी ओळखीने. सुट्टीत जो प्राइस 'क्रॉम काका', तोच शाळेत हातात छडी घेतलेला हेडमास्तर.

किपलिंगची नजर इतकी अधू, की सैन्यात जाण्याचा प्रश्नच नव्हता. जाड चष्म्यामुळे मुलं त्याला 'गिगर' म्हणत. सगळी शाळा ज्या परीक्षेसाठी राबत होती तिचा या मुलाला काही उपयोग नाही, हे प्राइसने ओळखलं आणि दोन गोष्टी केल्या. बंद पडलेलं शाळेचं नियतकालिक १८८१ मध्ये पुन्हा सुरू करून त्याच्या हाती दिलं, आणि आपली स्वतःची पुस्तकांची खोली त्याला मोकळी करून दिली. तंबाखूच्या वासाच्या त्या खोलीत पोराने चॉसर वाचला, जुने नाटककार वाचले, हॅक्लूटची प्रवासवर्णनं वाचली, फ्रेंच भाषांतरांतून पुश्किन आणि लेर्मोंतोव्ह वाचले. विद्यापीठात पाठवायला वडिलांकडे पैसे नव्हते. सोळाव्या वर्षी तो लाहोरच्या वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून निघाला आणि १८ ऑक्टोबर १८८२ ला मुंबईच्या धक्क्यावर उतरला. इथले वास आणि दृश्यं अंगावर येताच तोंडून हिंदुस्थानी वाक्यं आपोआप बाहेर पडू लागली, ज्यांचा अर्थ त्यालाच आठवत नव्हता.

त्याच्याबरोबर एका खोलीत अभ्यास करणारे दोघे होते. लायनेल डन्स्टरव्हिल हा शाळेच्या साच्यात बरोबर बसलेला: हिंदुस्थानी सैन्यात अधिकारी, पुढे मेजर जनरल. १९१८ मध्ये तो छोटी तुकडी घेऊन इराणमार्गे कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूच्या तेलापर्यंत पोहोचला, आणि तुर्कांनी शहरावर हल्ला चढवल्यावर सप्टेंबरात रातोरात बोटींतून बाहेर पडला. दुसरा जॉर्ज बेरेसफर्ड. तो कूपर्स हिलच्या इंजिनीअरिंग कॉलेजात इंजिनीअर होऊन हिंदुस्थानात सरकारी बांधकाम खात्यात आला, तब्येत बिघडली म्हणून परतला आणि लंडनमध्ये छायाचित्रकार झाला. लेखिका व्हर्जिनिया वुल्फचा तरुणपणीचा, मान वळवलेला तो सुप्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेलच. तो १९०२ मध्ये याच बेरेसफर्डने काढला. सैन्यासाठी काढलेल्या शाळेतल्या एका खोलीतून एक लेखक, एक फोटोग्राफर आणि एकच सैनिक निघाला. बापांनी भागभांडवल घातलं ते यासाठी नव्हतं! व्यंगचित्रकार ब्रूस बेअर्न्सफादरही इथलाच. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हसवणारा ओल्ड बिल त्याने रंगवला. हा बेअर्न्सफादर जन्मलेला मरीचा, म्हणजे आताच्या पाकिस्तानातला.

त्या एका खोलीतल्या तिघांच्या उचापतींवर किपलिंगने १८९९ मध्ये 'स्टॉकी अँड कंपनी' लिहिलं आणि प्राइसला अर्पण केलं. त्यातला स्टॉकी म्हणजे डन्स्टरव्हिल. मला हे पुस्तक निम्मंच आवडतं. खोड्यांचा कंटाळा येतो, आणि दांडगटांना धडा शिकवायच्या नावाखाली तिघं जे करतात ते वाचवत नाही. पण एका गोष्टीसाठी ते वाचावं. एक खासदार शाळेत येऊन देशभक्तीवर भाषण ठोकतो आणि शेवटी झेंडा फडकावतो. ज्यांचे बाप त्या झेंड्याखाली मेलेत किंवा मरायला उभे आहेत अशी ती मुलं टाळ्या वाजवत नाहीत, लाजेने आणि संतापाने गप्प होतात, आणि आपली हौशी कवायतच बंद करून टाकतात. साम्राज्याचा भाट म्हणून ज्याला आपण ओळखतो त्याने हे लिहिलंय.

त्याच पुस्तकाच्या शेवटी मात्र मोठा झालेला स्टॉकी वायव्य सरहद्दीवर वेढ्यात सापडतो आणि शाळेत केलेली युक्ती तिथल्या टोळ्यांवर चालवतो: एकाचं नाव करून दुसऱ्याला डिवचायचं, दोघांना आपसात लढवायचं, आपण बाजूला. लेखकाला ही हुशारी वाटते. आपल्याकडे तिला फोडा आणि झोडा म्हणतात, आणि ती आपल्यावर चाललेली आहे, त्यामुळे मला ते पान मजेत वाचता आलेलं नाही. ही शाळा नेमकं काय शिकवत होती याचा पुरावा म्हणून मी ते झेंड्याच्या गोष्टीच्या शेजारी ठेवतो. दोन्ही खरी आहेत.

आता बंद कशी पडली ते. प्राइस १८९४ मध्ये निवृत्त झाला. निरोपाला किपलिंग हजर होता. त्यानंतर शाळेला उतरती कळा लागली. माझ्या मते प्राइस जाणं हे निम्मंच कारण. मोठ्या शाळांनी तोवर सैन्यात जाणाऱ्या मुलांसाठी आपापले वर्ग काढले होते, मग डेव्हनच्या वाऱ्यात मूल कशाला धाडायचं? १९०४ मध्ये शाळा किनारा सोडून हार्पेंडनला गेली, दोन वर्षांनी विंडसरच्या एका शाळेत मिसळली, तिचं नाव पुढे इम्पीरियल सर्व्हिस कॉलेज झालं. १९४२ मध्ये तीही हेलीबरीत विलीन झाली, म्हणजे प्राइस मुलं घेऊन निघाला होता त्याच शाळेत.

हेलीबरी मुंबईकरांना अगदी परकी नाही. त्या जागी आधी ईस्ट इंडिया कंपनीचं मुलकी अधिकारी घडवणारं कॉलेज होतं. लोकसंख्येच्या सिद्धांताचा माल्थस तिथे अर्थशास्त्र शिकवायचा. बार्टल फ्रिअर तिथूनच शिकून आला, आणि गव्हर्नर असताना त्याने फोर्टचा तट पाडून मुंबई मोकळी केली. किपलिंग जन्मला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर हाच फ्रिअर. १८५८ मध्ये ते कॉलेज मिटलं, १८६२ मध्ये तिथे शाळा निघाली. त्या शाळेचा एक विद्यार्थी क्लेमंट ॲटली, ज्याच्या पंतप्रधानपदाच्या कारकिर्दीत १९४७ मध्ये इंग्रज इथून गेले.

वेस्टवर्ड हो!ला गेलात तर घरांची ती रांग अजून उभी दिसेल. लोक राहतात तिथे, आणि तिचं नाव आता किपलिंग टेरेस आहे. मागची टेकडीही त्याच्याच नावाची. हेलीबरीतही किपलिंग नावाचं एक हाऊस आहे, आणि जुन्या नामवंत विद्यार्थ्यांत त्याचं नाव मोजतात. तो तिथे कधी शिकला नव्हता आणि विलीनीकरणाच्या सहा वर्षं आधी वारला होता.