"पोट फुगवा" म्हणे!

परवा पहाटे मैदानावरच्या योगवर्गाच्या स्पीकरवरून पुन्हा तोच आवाज आला, "श्वास घ्याऽऽ, पोटात हवा भराऽऽ, पोट फुगवाऽऽ!" आणि हातातला चहा कडू झाला. या एका वाक्यापायी माझे पाच आठवडे फुकट गेलेत.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. वय 51. मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायचा, लगेच पुढचा तास, दिवसभर चढ्या आवाजात बोलायचं. चार वाजले की पोटात गुबारा धरायचा, करपट ढेकरा यायच्या आणि सकाळी पोट साफ होण्याची बोंब. तपासण्या केल्या, एंडोस्कोपी झाली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, जेवण सावकाश करा, रोज चाला आणि पोटाने श्वास घ्यायला शिका. कसा, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. बाहेर बाकडी भरलेली होती.

म्हणून मैदानावरचा वर्ग लावला. साठेक माणसं, एक स्पीकर, आणि पहिल्याच दिवशी कपालभाती. मग ते "पोट फुगवा". मी आज्ञाधारकपणे फुगवलं. म्हणजे काय केलं, तर स्नायूंनी पोट पुढे ढकललं आणि तोंड उघडून हवेचे घोट घेतले. श्वास होता तिथेच, छातीत. खांदे वर, मान ताठ. गिळलेली हवा अन्ननलिकेतून जठरात जाते आणि ढेकर होऊन परत येते, हे कोणाला सांगावं लागतं? मला तर नक्कीच नाही. तरी पंधरा दिवसांत ढेकरा दुप्पट झाल्या तेव्हा सरांना विचारलं. "सवय होईल, मॅडम." तिसऱ्या आठवड्यात परत विचारलं. "मन लागत नाही तुमचं." मन! पाचव्या आठवड्यात मी विचारणंच सोडलं.

संताप स्वतःचाही येतो. बिनबुडाची काचेची बरणी, वाय आकाराची नळी, दोन फुगे, खाली ताणून बांधलेला रबराचा पडदा. ही बरणी मी दरवर्षी टेबलावर मांडते. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात. "मुलांनो, हा पडदा म्हणजे श्वासपटल. ते खाली सरकलं की फुप्फुसांना जागा मिळते." हवा फुप्फुसातच राहते, पोटात जात नाही. पोट वर येतं ते खाली सरकणाऱ्या श्वासपटलाने आतल्या अवयवांना रेटल्यामुळे. इतकी वर्षं पोरांना हे सांगणारी बाई मैदानावर पोटात हवा भरत होती.

सुटका केली नणंदेच्या मुलीने. ती फिजिओथेरपिस्ट आहे. मला एकदा श्वास घ्यायला लावून म्हणाली, "मामी, आधी परकराची नाडी सैल कर." तीस वर्षं नाडी करकचून बांधतेय मी. पोटाला हलायला जागाच नव्हती. मग मला पालथं झोपवलं, हातांवर कपाळ, मकरासनात. "काही करू नकोस. पोट जमिनीला टेकतंय का, एवढंच बघ." पहिले तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी श्वास आत येताना पोट चटईला दाबलं गेलं, आपोआप. मला रडूच आलं, खरंच.

नंतर उताणं, गुडघे दुमडून, पोटावर अर्धा किलो मूगडाळीची पुडी. पुडी वर येते, छातीवरचा हात गप्प राहतो. नाकानेच. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण बसल्या बसल्या बारा ते वीस घेतो. पण आकडे मोजायचे ते श्वास जमल्यावर. मी आधीच मोजायला लागले आणि पुन्हा खांदे वर गेले. सोडताना घाई नको, निवांतपणा त्या लांब उच्छ्वासातच आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे श्वासपटलाचे तंतू चिमट्यासारखे वेढलेले असतात, त्यामुळे आम्ल वर येणाऱ्यांनाही याचा उपयोग होतो. माझी जळजळ दोनेक महिन्यांत बरीच उतरली. गुबारा अजून धरतो, पण आठवड्यातून एखादा दिवस.

बाकी सगळं सोपं होतं. एकेक पाय घेऊन पवनमुक्तासन, मांजरासारखी पाठ वर-खाली, डबा खाल्ल्यावर व्हरांड्यात शतपावली. सहकारी हसतात, हसू देत. वज्रासन माझ्या गुडघ्यांना मानवलं नाही, सोडून दिलं. रात्री डाव्या कुशीवर.

हे आधी सांगायला हवं होतं: वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, गिळताना अडकत असेल, तर आधी डॉक्टर. मूगडाळ नंतर. आणि हर्निया किंवा रक्तदाब असेल तर कपालभाती विचारल्याशिवाय नको. मैदानावर हे कोणी विचारत नाही.

तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली होती. परत मागितली तर सर म्हणाले, "या की परत, मॅडम, जमेल." माझी चटईही तिथेच राहिली आहे.